सहा वाकांचं तेल

माझी त्याची पहिली ओळख वासाने झाली. मी सात-आठ वर्षांची असेन. देवगडजवळच्या आमच्या वाडीत पावसाळ्याचे महिने होड्या वर ओढून झावळ्यांच्या खोपीत ठेवलेल्या असत. श्रावण लागला, नारळी पौर्णिमा जवळ आली, की आजो पडवीच्या कोपऱ्यातला एक गंजका डबा बाहेर काढायचा. आत काळपट तांबूस, काकवीसारखं दाट तेल. तारल्यांचं. मोठ्या हंड्यात तारली उकळायची आणि वर आलेलं तेल निथळून घ्यायचं, अशी ती करणी. आजो जुन्या धोतराच्या चिंधीचा बोळा त्यात बुडवायचा आणि होडीच्या फळ्यांवर खालून वर घासत जायचा. फळ्यांच्या सांध्यांत तेल मुरेपर्यंत हात थांबायचा नाही.

दोन-तीन दिवसांनी फळीवर बोट टेकवलं तर चिकटायचं. आणखी काही दिवसांनी चिकटणं थांबायचं आणि लाकडावर पातळ, चकचकीत कातडं धरलेलं दिसायचं. नखाने खरवडलं तर त्याचा पापुद्रा निघायचा. आजो म्हणायचा, "बघ गे चेडवा, ह्या तेल लाकडाक धरता."

खोबरेल असं धरत नाही, हे मला ठाऊक होतं. आईची खोबरेलाची बाटली सांडली की जमीन महिनाभर तेलकट राहायची, पण तिच्यावर कातडं कधी आलं नाही. उलट मार्गशीर्षातल्या गार पहाटे खोबरेल बाटलीत गोठून पांढरं व्हायचं आणि आजोच्या डब्यातलं तारल्यांचं तेल त्याच पहाटे हलवलं की डुचमळायचं. एक तेल थंडीने थिजतं आणि वाळत मात्र नाही. दुसरं वाऱ्यावर वाळतं, पण थंडीला दाद देत नाही. पुढे मत्स्यशास्त्र शिकले, माशांच्या खाद्यावर काम करू लागले, तेव्हा कळलं की या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. या तेलाचा सगळा स्वभावच त्या मुळातून आला आहे.

त्याला सगळे माशाचं तेल म्हणतात. खरं तर समुद्रातल्या माशाला ते स्वतःच्या अंगात जवळजवळ करताच येत नाही. त्याचा जन्म डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय शैवालांत होतो. शैवाल खाणारे बारीक कवचधारी जीव ते पुढे नेतात, त्या जिवांना तारली आणि मांदेली खातात, तारल्यांना सुरमई खाते. प्रत्येक तोंडातून जाताना तेल साठत जातं, दाट होत जातं. तारल्यांच्या पोटात पावसाळ्यानंतर जी चरबी चढते, ती पावसाने फुललेल्या समुद्रातल्या त्या हिरव्या पिकाची. ऑक्टोबरातलं तारलं तव्यावर टाकलं की तेल वेगळं घालावं लागत नाही, हे कोकणातल्या कुठल्याही घरात विचारावं.

या तेलातला मुख्य पुरुष म्हणजे डीएचए नावाचं आम्ल. बावीस कार्बनांची साखळी, आणि त्या साखळीला सहा ठिकाणी वाक. त्याचा धाकटा भाऊ ईपीए, वीस कार्बनांचा, पाच वाकांचा. ओमेगा-३ म्हणून डॉक्टर सांगतात ते हेच दोघे. वाक म्हणजे काय, हे मी विद्यार्थ्यांना मोळीवरून सांगते. सरळ काटक्या असल्या की मोळी घट्ट बांधली जाते. खोबरेलातल्या साखळ्या तशा सरळ, म्हणून जराशी थंडी पडली की एकमेकींना चिकटून गोठतात. बाभळीच्या वेड्यावाकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी आत फटी राहतातच. डीएचएच्या साखळ्या बाभळीच्या. त्यांना गोठवायला शून्याखाली ४४ अंश लागतात. एका वाकाचं ओलिक आम्ल, जे शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असतं, ते साधारण १३ अंशांना गोठतं.

समुद्राच्या थंड पाण्यात राहणाऱ्या जिवाला याचा उपयोग कळायला वेळ लागत नाही. माशाचं रक्त पाण्याइतकंच थंड. त्याच्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचा पातळ पडदा असतो आणि तो पडदा लवचिक राहिला तरच पेशीत ये-जा चालते, स्नायू आकसतो आणि सुटतो, डोळा पाहतो. हा पडदा खोबरेलाचा असता तर मासा पाण्यात उभ्या उभ्या थिजला असता. वाकांचं तेल पडद्यात बसतं आणि तो मोकळा ठेवतं.

तर असं हे तेल. थंडीतलं, चंचल, कुठेही घट्ट न बसणारं. आता त्याला पाळीव माशाच्या अंगात पाहायचं, तर नॉर्वेला जावं लागतं.

१९७० साली नॉर्वेतल्या हित्रा बेटावर ग्रोंटवेट आडनावाच्या दोन भावांनी समुद्रात जाळ्याचा पिंजरा टाकून त्यात सालमनची पिल्लं सोडली. आज तो देश वर्षाला दहा लाख टनांहून जास्त सालमन पिंजऱ्यांत वाढवतो. (आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सालमन' म्हणून विकतात. रावस उत्तम मासा आहे, त्याला उसनं नाव लागत नाही. त्या दोघांचं कूळ वेगळं.) पिंजऱ्यातला सालमन शिकार करत नाही. त्याच्या तोंडात जे पडतं ते गोळीच्या रूपात पडतं आणि त्या गोळीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तेलाचा असतो.

ती गोळी बनताना मी एकदा बर्गनच्या बाजूला एका खाद्याच्या कारखान्यात पाहिली. पीठ दाबून, वाफेवर शिजवून, फुगवून बाहेर पडलेली गोळी कोरडी, खरखरीत, वजनाला हलकी होती. कुरमुऱ्यासारखी आतून सच्छिद्र. अशा गोळ्या एका मोठ्या पोलादी पिंपात भरतात, पिंप बंद करतात आणि आतली हवा ओढून घेतात. गोळीच्या छिद्रांमधलीही हवा निघून जाते. मग फिरत्या गोळ्यांवर कोमट तेल फवारतात. आणि शेवटी हवा परत आत सोडतात. हवा धाडकन आत शिरते आणि शिरताना तेलाला छिद्रांमध्ये ढकलते. पाकात सोडलेला गुलाबजाम जसा गाभ्यापर्यंत पाक पितो, तशी ती गोळी तेल पिते. तिथल्या बाईंनी आधीची एक आणि नंतरची एक अशा दोन गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. पहिली मातकट. दुसरी गडद, चकचकीत, जड. त्यांनी दुसरी नखाने फोडली. मधोमधही ओली होती. कागदावर ठेवली तर भोवती पारदर्शक डाग पसरत गेला. हातांना आजोच्या डब्याचा वास आला. बराच सौम्य, साफसूफ केलेला, पण तोच.

माशाच्या अंगात गेल्यावर हे तेल दोन घरं करतं. एक घर भिंतीतलं, म्हणजे पेशीच्या पडद्यातलं. दुसरं कोठारातलं, म्हणजे साठवणीच्या चरबीतलं. भिंतीतल्या घराला मासा जपतो. खाण्यात डीएचए कमी आलं तरी तो इतर तेलं जाळून ऊर्जा काढतो, डीएचए राखून ठेवतो आणि भिंतीत बसवतो. कोठाराचं मात्र तसं नाही. तिथे जे आलं ते भरलं. मोहरीचं आलं तर मोहरीचं, सोयाबीनचं आलं तर सोयाबीनचं. माणसाच्या बाबतीत आपण म्हणतो, खाल्लेलं अंगाला लागलं. माशाच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे. खाद्यातल्या तेलाची यादी आणि माशाच्या मांसातल्या तेलाची यादी शेजारी शेजारी ठेवली, तर एकीवरून दुसरी ओळखता येते.

सालमनचा काप हातात घ्या आणि उजेडाकडे धरा. नारिंगी मांसावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसतात, आडव्या पडलेल्या डब्ल्यूसारख्या. नारिंगी ते स्नायूचे थर. पांढरी रेघ म्हणजे दोन थरांमधला पातळ पडदा, आणि चरबीचं कोठार मुख्यतः त्याच पडद्यात असतं. पोटाकडे या रेघा रुंद होतात, शेपटीकडे बारीक. कातडीला लागून एक तपकिरी पट्टा असतो, सतत पोहण्याच्या कामाचा स्नायू, तोही तेलकट. तव्यावर काप ठेवला की पडदे आधी विरघळतात आणि मांसाची पाकळी पाकळी सुटते. खाणाऱ्याला जे मऊ, रसाळ वाटतं त्यात या रेघांचा वाटा मोठा. रेघा प्रमाणाबाहेर रुंद झाल्या की मांस गिळगिळीत होतं आणि हात तेलकट राहतात. म्हणून मांसाचा पोत कसा होणार हे बरंचसं एकूण चरबी किती यावर ठरतं. त्या चरबीत वाक किती, यावर चव, वास, टिकाऊपणा आणि खाणाऱ्याच्या शरीराला काय मिळणार हे ठरतं. या दोन गोष्टी लोक सर्रास एकत्र करतात, आणि मग तेल बदललं म्हणून मासा मऊ पडला, असं काहीतरी सांगत सुटतात.

तेल बदललं हे मात्र खरं.

त्याचं कारण पेरूच्या किनाऱ्यावर आहे. जगातल्या माशाच्या तेलाचा मोठा हिस्सा तिथल्या अँचोव्हेटा नावाच्या बोटभर माशातून येतो. आपल्या मांदेलीच्याच कुळातला. गार पाणी खालून वर येतं, शैवाल फुलतं, अँचोव्हेटाचे थवेच्या थवे वर येतात. एल निनोच्या वर्षी पाणी तापतं आणि थवे नाहीसे होतात. १९७२-७३ मध्ये ती मासेमारी कोसळली. २०२३ मध्ये पहिला हंगाम सरकारने उघडलाच नाही आणि तेलाचे भाव कुठल्या कुठे गेले. समुद्रातून निघणारं तेल वाढत नाही आणि पिंजरे मात्र वाढत राहिले. तेव्हा नॉर्वेच्या खाद्यात मोहरीच्या कुळातल्या रेपसीडचं तेल आलं. १९९० साली सालमनच्या खाद्यात सुमारे नव्वद टक्के माल समुद्रातला होता, त्यातलं तेलच चोवीस टक्क्यांच्या आसपास. २०१३ पर्यंत समुद्राचा वाटा तीस टक्क्यांवर आला आणि २०२० मध्ये बावीसच्या जवळपास. आता पिंजऱ्यातला सालमन बराचसा शेतात पिकतो, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

मासा तक्रार न करता वाढला. वजन चढलं, मांसाचा पोत फारसा बिघडला नाही, रंगही खाद्यात मिसळलेल्या ॲस्टाझँथिन या रंगद्रव्यामुळे नारिंगीच राहिला. पण कोठारातलं तेल बदललं होतं. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी वर्षानुवर्षांचे नमुने तपासून २०१६ मध्ये दाखवलं, की २००६ ते २०१५ या काळात तिथल्या पाळीव सालमनमधलं ईपीए आणि डीएचए निम्म्यावर आलं. पूर्वी एका तुकडीतून मिळायचं तेवढं आता दोन तुकड्यांतून. तरीही इतर बहुतेक अन्नांपेक्षा ते जास्तच होतं, हे त्यांनीच सांगितलं, आणि ते सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. घाबरवून कोणाचं भलं होत नाही.

यावर एक तोड निघाली. मासा बराच काळ रेपसीडवर वाढवायचा आणि विकायच्या आधी पाच-सहा महिने पुन्हा माशाचं तेल द्यायचं. परीक्षेआधी उजळणी करावी तसं. कोठार हळूहळू बदलतं, वाकांचं तेल परत भरतं, बहुतांशी पूर्वीच्या पातळीजवळ येतं. पण आधीचा पाहुणा पुरता जात नाही. दोन वाकांचं लिनोलिक आम्ल, वनस्पती तेलांतलं, रेंगाळत राहतं. मासा जसा वाढतो तसं जुनं पातळ होत जातं, पुसलं जात नाही.

पोषण सोडून खुद्द माशाचं काय, हा प्रश्न मला जास्त जवळचा. सालमनला हे तेल किती लागतं याचा हिशोब पूर्वी टाक्यांमध्ये, स्वच्छ पाण्यात, लाडाने वाढवलेल्या माशांवर केला गेला. खऱ्या पिंजऱ्यात उवा असतात, लाटा असतात, उवा काढण्यासाठी मासा पुन्हा पुन्हा हाताळला जातो. अलीकडे नॉर्वेत समुद्रातल्या पिंजऱ्यांमध्येच प्रयोग झाले, तेव्हा खाद्यातलं ईपीए-डीएचए वाढवल्यावर काप जास्त लालसर निघाला आणि मांसावरचे काळे डाग कमी झाले. हे काळे डाग फासळ्यांजवळच्या मांसात येतात आणि तो भाग कापून टाकावा लागतो. मला या बातमीने बरं वाटलं. हे तेल माशाच्या अंगात फक्त आपल्यासाठी साठवून ठेवलेलं नाही, त्याला स्वतःलाही ते लागतं, हे त्या कापावर डोळ्यांना दिसत होतं.

आता त्याचा दुसरा स्वभाव. आजोच्या फळीवर कातडं का धरायचं, ते इथे येतं.

दोन वाकांच्या मधोमध जो कार्बन असतो त्याची पकड ढिली असते. हवेतला प्राणवायू नेमका तिथे घुसतो. एका साखळीत शिरला की ती शेजारणीला बिघडवते. वाक जितके जास्त तितक्या अशा ढिल्या जागा जास्त. डीएचएत पाच. होडीच्या फळीवर या बिघडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंतून कातडं बनतात आणि लाकूड पाण्यापासून वाचतं. डब्यात, पिंपात, गोळीत किंवा गोठवलेल्या तुकडीत तेच घडलं की आपण म्हणतो, तेल खवट झालं. ज्या वाकांमुळे ते थंडीत मोकळं राहतं त्याच वाकांमुळे ते हवेला बळी पडतं. त्याचा गुण ठेवून दोष काढता येत नाही. म्हणून त्याच्यासोबत व्हिटॅमिन ई पाठवतात. प्राणवायू आला की ते स्वतः पुढे होऊन झीज सोसतं. माशाच्या खाद्यात व्हिटॅमिन ई चांगलं असलं की ते मांसातही साठतं आणि मासा मेल्यानंतर, बर्फात, फ्रीजरमध्येही तुकडीतल्या तेलाची राखण करतं.

हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी माझ्या हातून चूक झाली.

एका शेतकऱ्याच्या शेततळ्यात सायप्रिनस या कार्प माशाची बोटुकली होती आणि त्यांच्या खाद्याची कृती मी करून दिली होती. तांदळाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड, थोडं फिशमील आणि वर माशाचं तेल. मे महिना. तेलाचा ड्रम एका व्यापाऱ्याकडून आला आणि पत्र्याच्या शेडमध्ये उतरला. नमुना मी प्रयोगशाळेत नेला. खवटपणा तपासायची रीत जुनी आहे. चंबूत तेल वजन करून घ्यायचं, त्यात ॲसिटिक आम्ल आणि क्लोरोफॉर्म, मग पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण. तेल बिघडलेलं असेल तर आयोडीन सुटतं. स्टार्च घातलं की चंबू निळाभोर होतो. मग वरून थेंब थेंब थायोसल्फेट सोडत जायचं, चंबू हलवत राहायचं, आणि निळा रंग नाहीसा होतो त्या थेंबाला थांबायचं. माझा निळा रंग थोड्याच थेंबांत गेला. आकडा छोटा आला. तेल चांगलं, असं मी वहीत लिहिलं.

वास चांगला नव्हता. जड, जुन्या रंगाच्या डब्यासारखा, घशाशी बसणारा. मी आकड्यावर विश्वास ठेवला.

अडीच महिन्यांनी शेतकऱ्याचा फोन आला. "मॅडम, मासा खातोय, पण अंगाला लागत नाही." गेले. जाळं ओढलं. बोटुकली लांबीला बऱ्यापैकी वाढलेली, पण पाठ बसलेली. डोक्याच्या मागे जिथे गोलाई हवी तिथे कण्याचा उंचवटा बोटाला लागत होता. एक मासा कापला. पाठीचं मांस फिकट, पाणचट, जिथे घट्ट पाकळी हवी तिथे भिजलेल्या कागदासारखं. तो माणूस माझ्याकडे बघत होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

जपानमध्ये गेल्या शतकाच्या मध्यात रेशीमकिड्यांचे कोष उलगडल्यावर उरलेले किडे सायप्रिनसला खाऊ घालत. ते किडे तेलकट, आणि तेल खवट झालेलं. त्या माशांच्या पाठीचं मांस झडायचं. तिथे त्याला सेकोके म्हणत, म्हणजे पाठ रोडावणं. पुढे तिथल्या संशोधकांनी सिद्ध केलं की खवट तेलाने हे होतं आणि व्हिटॅमिन ई भरपूर दिलं की टळतं. हे सारं मी पुस्तकात वाचलं होतं. आणि आकडा छोटा का आला, तेही पुस्तकात होतं. खवटपणाच्या पहिल्या टप्प्यात जे पदार्थ बनतात ते माझी चाचणी मोजते. तेल फार पुढे बिघडलं की ते पदार्थही फुटतात, त्यांची अल्डिहाइडं होतात आणि आकडा परत खाली येतो. चढून उतरलेला ताप मोजून रोगी धडधाकट म्हणावं तसं मी केलं. अल्डिहाइडांची चाचणी वेगळी असते. ती मी केली नव्हती. पण अल्डिहाइडांना वास असतो आणि तो माझ्या नाकाने मला सांगितला होता.

ड्रम काढून टाकला. ताजं तेल थोडं थोडं, सावलीत, बंद डब्यात, व्हिटॅमिन ई मिसळून. काही मासे सावरले, काही नाही. त्या हंगामाचं नुकसान भरून निघालं नाही. तेव्हापासून दोन्ही चाचण्या केल्याशिवाय मी तेल पास करत नाही, आणि त्याआधी ते दोन तळहातांमध्ये चोळून हुंगते.

गोड्या पाण्यातल्या माशांसाठी समुद्रातलं तेल आणायलाच हवं असं नाही, हेही त्या हंगामाने मला शिकवलं. रोहू, कटला, सायप्रिनस यांना तीन वाकांचं आम्ल मिळालं तर त्याची साखळी लांब करून, आणखी वाक घालून ते थोडंफार ईपीए-डीएचए स्वतः बनवू शकतात. सालमनला हे फार कमी जमतं, सुरमईसारख्या समुद्री माशाला जवळजवळ नाही. आणि तीन वाकांचं आम्ल आपल्याकडे कुठे मिळतं, तर जवसात. विदर्भात, मराठवाड्यात भाकरीबरोबर जी चटणी खातात त्या जवसात. जवसाचं तेलही वाळतं, पूर्वी लाकडाला आणि क्रिकेटच्या बॅटीला लावत. कारण तेच. हा समुद्रातल्या तेलाचा जमिनीवरचा नातेवाईक, वाकांनी थोडा कमी. त्यावर वाढवलेल्या माशाच्या मांसात ओमेगा-३ वाढतं, पण बरंचसं तीन वाकांच्याच रूपात. सहा वाकांपर्यंत थोडंच पोहोचतं. जवसाची पेंड, जवसाचं तेल स्थानिक मिळत असेल तर कार्पच्या खाद्यात मी ते आवर्जून घालते. सालमनच्या बरोबरीचा दावा कोणी केला तर त्याला थांबवते.

या तेलाच्या आयुष्यात एक काळ असा होता की त्याचे वाक कोणालाच नको होते. विसाव्या शतकाचा मोठा भाग युरोपात माशाचं तेल मार्गारीन करायला वापरलं गेलं. हायड्रोजन घालून वाक सरळ करायचे, म्हणजे ते घट्ट होतं, वास जातो, टिकतं. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना पूर्णपणे चरबीविना ठेवून दाखवलं होतं की काही आम्लं शरीराला बाहेरून मिळालीच पाहिजेत. तरी सहा वाकांच्या तेलाची कदर व्हायला सत्तरच्या दशकातले बँग आणि डायरबर्ग या संशोधकांचे ग्रीनलंडमधले अभ्यास यावे लागले. सील आणि मासे खाणाऱ्या तिथल्या लोकांच्या रक्तात त्यांना हे तेल भरपूर दिसलं. लोण्याचा गरीब पर्याय म्हणून सरळ केलेलं तेल मग कॅप्सूलमध्ये गेलं. आणि ज्या काळात ते स्वस्त होतं त्याच काळात सालमनचे पिंजरे वाढले. आज जगातलं माशाचं तेल निम्म्याहून बरंच जास्त पाळीव माशांच्या खाद्यातच संपतं.

आता त्याला मासा टाळून थेट आणायचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, समुद्रापासून दूर, मक्याच्या प्रदेशात, पोलादी टाक्यांमध्ये साखरेवर सूक्ष्म समुद्री जीव वाढवून त्यांचं तेल काढणारा कारखाना २०१९ पासून चालतो. ऑस्ट्रेलियात शैवालांची जनुकं घातलेली कॅनोला पिकवली आहे, तिच्या बियांत डीएचए भरतं. म्हणजे तेल परत आपल्या माहेरी, शैवालाकडे गेलं, आणि तिथून सरळ गोळीत आलं. अँचोव्हेटाच्या थव्यांवरचा भार यामुळे हलका होणार असेल तर मला ते हवं आहे. शेतातलं डीएचए आणि समुद्रातलं डीएचए यांत साखळी म्हणून काडीचाही फरक नसतो. वाक तितकेच, हवेची भीती तितकीच.

मागच्या श्रावणात गावी गेले होते. वाडीतल्या होड्या आता बहुतेक फायबरच्या. त्यांना तेल लागत नाही, तारली उकळायची चूल कधीच विझली. आजोची होडी मात्र खोपीत पालथी पडलेली आहे, तळाच्या दोन फळ्या कुजलेल्या. चुलतभावाने खोप आवरताना तो डबा काढून ठेवला होता. झाकण उघडत नव्हतं, हातोडीने ठोकून उघडलं. वरती जाड, तपकिरी कातडं, बोटाने दाबलं तर रबरासारखं दबणारं. कोयत्याच्या टोकाने ते फाडलं. खाली अजून थोडं तेल होतं, दाट, काळं. भावाने नाक धरलं आणि मागे सरला. मी बोट बुडवलं, दोन तळहातांमध्ये चोळलं आणि हुंगलं. तोच जड वास होता, शेडमधल्या ड्रमचा. मग होडीच्या शाबूत फळीवर हात पुसला, सांध्यात नीट मुरेल असा, खालून वर.